डब्याची सोनोग्राफी

अध्यक्षसाहेब, मशीन बिघडलं होतं, असं तुम्ही लिहून दिलंत. खाली सही केलीत, ट्रस्टचा गोल शिक्का मारलात. ते खोटं आहे. मशीन ठणठणीत होतं. तुम्हाला ते त्या दिवशीही माहीत होतं आणि आज हे वाचतानाही माहीत आहे. नऊ वर्षं तुमचा कागद खरा म्हणून चालला. आता माझा वाचा.

मंगळवार होता. पडद्यामागं हलीमाचाची टेबलावर पडली होती, डावा हात डोक्याखाली, नजर पंख्यावर. मी जेल लावलं तशी ती शहारली.

"हे काय फ्रीजमध्ये ठेवता का गं?"

"फ्रीज औषधांना पुरत नाही चाची, जेलला कुठला?"

"मग बायांचं अंग बघून आपोआप थंड होत असंल."

डॉ. मुळावकर हसले नाहीत. ते मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याहून यायचे आणि दुपारी दोनच्या आत तीस-पस्तीस बायका बघायचे. हसायला वेळ नव्हता. माणूस वाईट नव्हता. हात हलका, बोलणं कमी.

हलीमा पिंजारी ही आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक असलेली बाई. स्टँडच्या मागं तिचं गाद्यांचं दुकान. नवरा गेल्यावर लोक म्हणाले, आता विकून टाक. तिनं उलट पाटी रंगवून घेतली. निम्म्या गावाच्या लग्नातल्या गाद्या तिनं भरलेल्या. तिला डाव्या बाजूला गाठ लागली आणि ती आमच्याकडे आली, कारण ट्रस्टच्या दवाखान्यात नवं मशीन आलंय हे तुम्ही रिक्षातून भोंगा लावून सांगितलं होतं.

त्या मशीनचं काम सांगते, म्हणजे पुढचं समजेल. साधी सोनोग्राफी गाठ कुठं आहे, केवढी आहे, तिच्या कडा कशा आहेत ते दाखवते. हे मशीन, आणि याच्या आधीचं जुनंही, आणखी एक करायचं. डॉक्टर हातातला प्रोब स्तनावर ठेवून हलकेच दाबायचे आणि दाबल्यावर आतलं किती दबतं ते मशीन रंगात दाखवायचं. मऊ जागा एका रंगात, कडक जागा दुसऱ्या. साधी गाठ बहुधा दबते. वाईट गाठ बहुधा दबत नाही. बहुधा हा शब्द डॉक्टरांचा. ते प्रत्येक वेळी वापरायचे. जी गाठ साध्या चित्रातच वाईट दिसायची तिला ते सरळ सुईच्या तपासणीला पाठवायचे, रंग बघत बसायचे नाहीत. रंग कामाचा होता तो मधल्या गाठींना. धड वाईट नाही, धड निर्धास्त नाही, अशा. त्यांच्यात कडक निघेल तिला सुई, मऊ निघेल तिला सहा महिन्यांनी परत.

आणि आमची एक पद्धत होती. डॉक्टर "कडक" हा शब्द खोलीत उच्चारायचे नाहीत. जुन्या मशीनच्या काळात एका बाईनं तो ऐकला आणि टेबलावरून उठून, पदर धड न घेता, बाहेरच्या रांगेतून रडत पळत गेली होती. तेव्हापासून ते फक्त रंग सांगायचे. रंगावरून कडक की मऊ, ही खूण फॉर्मवर मी करायची. चुकू नये म्हणून स्क्रीनच्या डाव्या कडेला सेलोटेपखाली कागदाची पट्टी चिकटवलेली होती. निळा कडक. लाल मऊ.

"खंदारे, लाल," डॉक्टर म्हणाले.

मी पट्टीकडे बघितलं आणि 'मऊ'च्या चौकोनात खूण केली. फॉर्म सहा महिन्यांच्या ट्रेमध्ये गेला.

"लाल म्हणजे काय?" हलीमाचाचीनं मान वळवली.

"काळजी करू नका," मी म्हटलं. "मऊ आहे. सहा महिन्यांनी या."

"मऊ?"

"हो."

"साहेब, तुम्ही हात लावला का?"

डॉक्टर पुढच्या बाईचा फॉर्म बघत होते. "मशीननं बघितलंय ना."

"मशीननं बघितलंय," ती म्हणाली. मग ब्लाऊजची बटणं लावत, मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात, "मशीनला गादीवर झोपायचं नसतं. गिऱ्हाइकाला झोपायचं असतं."

ती गेली नाही. कपडे बदलायच्या आडोशात उभी राहिली आणि मी जेलचे कागद टाकायला गेले तशी तिनं माझं मनगट धरलं.

"इकडं ये. हात दे."

"चाची, मला कामं आहेत."

"तेच करायला सांगते. दाब. भीत भीत नको, पिठात बोट घालतात तसं."

मी दाबलं.

"वीस वर्षं मी कापूस चिवडते," ती म्हणाली. "वर चार बोटं थर असला तरी खाली राहिलेली सरकी माझ्या बोटाला लागते. तू सांग, हे काय आहे?"

गाठ बोटाखाली हलत नव्हती. दबत तर नव्हतीच. मी हात काढून घेतला.

"सांग की."

"मी डॉक्टर नाही चाची."

"मग तुझ्या त्या डॉक्टरला सांग, बोटं दिलीत ती पेन धरायलाच नाहीत म्हणावं."

दोन वाजता डॉक्टर गाडीत बसत होते तेव्हा मी सांगितलं. "सर, हलीमाबींची गाठ हाताला कडक लागते."

"हाताला सगळ्याच कडक लागतात, खंदारे. म्हणून तर मशीन आहे."

गाडी गेली.

मी दहावी झालेली मदतनीस. जेल लावणं, टेबल पुसणं, फॉर्म भरणं, ट्रे लावणं एवढं माझं काम. पण फॉर्म भरणाऱ्या माणसाला एक गोष्ट दिसते जी डॉक्टरला दिसत नाही. डॉक्टर एकेक बाई बघतो. मी वही बघते. त्या दुपारी मी वही उघडली आणि नवं मशीन आलं त्या दिवसापासून बोट ठेवत खाली आले. रंगावरून कडक ठरवून सुईला पाठवलेल्या नऊ बायका. नऊंचेही रिपोर्ट परत आलेले. नऊच्या नऊ निर्धास्त. जुन्या मशीनच्या वेळी अशा नऊ-दहांत तीन-चार वाईट निघायच्या, हे मला वही न बघता आठवत होतं, कारण त्या बायकांना निरोप द्यायला मीच जायची.

तुम्ही मात्र त्या नऊंवर भाषण केलं होतंत. आपल्या भागात कर्करोग कमी आहे, आपलं खाणंपिणं शुद्ध आहे. टाळ्याही पडल्या. मीही वाजवल्या.

मी ऑफिसात गेले. हेडक्लार्क ठोंबरे डबा खात होते.

"ठोंबरेभाऊ, नव्या मशीनचं पुस्तक पाहिजे."

"कुठलं पुस्तक?"

"कंपनीच्या माणसानं उद्घाटनाला दिलं होतं ते. कसं वापरायचं त्याचं."

"ते साहेबांच्या कपाटात आहे. वॉरंटीच्या कागदांबरोबर."

"द्या की मग."

"किल्ली साहेबांकडं. साहेब तिरुपतीला." त्यांनी लोणच्याची फोड चोखली. "तुला कशाला पुस्तक? इंग्रजीत आहे ते."

"चित्रं बघीन."

"पुष्पे, चित्रंच बघायची तर क्यालेंडर देतो. मागच्या महिन्यात पण तू हेच मागितलं होतंस ना? ट्रस्टची मालमत्ता आहे ती. फाटली-बिटली तर कोण जबाबदार?"

हो, मी मागच्या महिन्यातही मागितलं होतं. त्याच्या आधीही एकदा. मशीन वापरायला होतं आणि ते वापरायचं पुस्तक कुलपात होतं, आणि यात काही वावगं आहे असं तुमच्या ऑफिसात एकालाही वाटत नव्हतं.

बुधवारी कामावरून सुटल्यावर मी सरळ हलीमाचाचीच्या दुकानात गेले. ती एका गादीवर गुडघे टेकून मोठ्या सुईनं टाके घालत होती.

"आलीस? मला वाटलं सहा महिन्यांनी येशील."

"चाची, मला वाटतं मशीन उलटं सांगतंय. पण वाटून काय उपयोग? डॉक्टरांना मी कसं पटवू?"

"मशीन तपासा म्हणावं."

"कशानं तपासणार?"

तिनं सुई गादीत तशीच ठेवली. "नवा कारागीर ठेवताना मी काय करते माहीत आहे? आत काय आहे ते मला ठाऊक असलेली गादी त्याच्यापुढं टाकते. म्हणते, हात फिरव, सांग सरकी कुठं आहे. चुकला की घरी. तुझ्या मशीनला तशी गादी दे."

"बाईच्या अंगासारखी गादी कुठून आणू?"

ती हसायला लागली. "चायना ग्रास खाल्लंस का कधी माझ्याकडं? रमजानात अख्ख्या गल्लीला घालते."

मी खाल्लं होतं. दुधातलं, थरथरतं, बोट लावलं तर दबणारं. ती काय म्हणते ते माझ्या लक्षात यायला जरा वेळ लागला.

"आत सुपारी घालू," मी म्हटलं.

"सुपारी नको. माणसाच्या अंगात सुपारी कुठं असते? तुझा डॉक्टर तेवढंच निमित्त धरून बसंल. आधी चायना ग्रास चौपट घालून घट्ट वडी करायची. मग पातळ केलेल्यात ती सोडायची. आतली पण तीच, बाहेरची पण तीच. फरक फक्त दाबल्यावर."

गुरुवारी आम्ही ते केलं. दूध, चायना ग्रास, चित्रात काहीतरी दिसावं म्हणून चिमूटभर बारीक रवा. ही रव्याची कल्पना माझी. नुसतं पाणी मशीनवर काळं दिसतं हे मी रोज बघत होते. स्टीलच्या चपट्या डब्यात ओतलं, मधोमध वडी सोडली, वरून आणखी ओतलं.

"साखर?" मी सवयीनं विचारलं.

"मशीनला कशाला साखर? त्याला काय डायबेटीस आहे का बघायचंय?"

डब्यात वाफ धरली होती, तिकडे बघत ती म्हणाली, "पुष्पा, डबा चुकीचा निघाला, म्हणजे मशीन बरोबर निघालं, तर मी सहा महिने थांबीन. कुरकुर करणार नाही. पण मशीन चुकलेलं निघालं तर मला एक दिवस थांबायचं नाही. एवढं बघ."

शुक्रवारी दवाखान्याबाहेर नेहमीसारखी रांग होती. हलीमाचाची बाकड्याच्या टोकाला बसली होती. तिचा नंबर नव्हता, तिला कोणी बोलावलंही नव्हतं. डॉक्टर हात धुऊन आले आणि म्हणाले, "पाठव पहिली."

मी डबा टेबलावर ठेवला आणि झाकण काढलं.

"हे काय?"

"सर, याची सोनोग्राफी करा."

त्यांना वाटलं मी प्रसाद आणलाय. खरंच. त्यांनी हात पुढं केला होता. मग शब्द डोक्यात शिरले.

"खंदारे, बरं आहे ना तुझं?"

"बरं आहे. आत एक घट्ट वडी आहे, मधोमध. बाकी सगळं मऊ आहे. काल स्वतः केलंय. मशीन काय म्हणतं ते बघा."

"बाहेर पस्तीस बायका बसल्यात."

"म्हणूनच."

"डबा उचल आणि पहिलीला पाठव."

मी दाराला पाठ लावून उभी राहिले. आयुष्यात कोणापुढं असं उभं राहण्याची माझी पहिलीच वेळ. "नाही पाठवत. आधी डबा."

"मी ऑफिसात कळवीन."

"कळवा. डबा बघून कळवा."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटतं त्यांना राग येण्याऐवजी घाई आली. वाद घालण्यापेक्षा दोन मिनिटांत हे उरकावं असं त्यांनी ठरवलं असावं. त्यांनी स्वतःच जेल ओतलं, प्रोब टेकवला, हलकेच दाबू लागले. मला जागेवरून स्क्रीन दिसत होता. आधी साधं करडं चित्र आलं, रव्याचे कण आणि मध्ये चौकोनी सावट. मग त्यांनी बटण दाबलं आणि रंग आले.

सगळा डबा निळा. मधला चौकोन लालभडक.

"लाल," ते सवयीनं म्हणाले.

"मग मी काय खूण करू सर?"

त्यांनी प्रोब पुन्हा दाबला. चौकोन लालच.

"पट्टीप्रमाणं मऊ होते. करू का मऊ?"

त्यांनी प्रोब खाली ठेवला. हातमोजा काढला आणि उघडं बोट डब्यात घातलं, वरच्या मऊ थरातून खाली, वडी लागेपर्यंत. बोट तिथंच ठेवून ते उभे राहिले. पिठात बोट घालून पाणी किती पाहिजे ते बघणाऱ्या बाईसारखे.

मग ओल्या हातानंच त्यांनी स्क्रीनच्या कडेची पट्टी नखानं उचकटली. सेलोटेप चिवट होता, तुकड्या तुकड्यानं निघाला. पट्टीखाली स्क्रीनवर रंगांचा उभा दांडा होता आणि त्याच्या दोन टोकांना दोन बारके इंग्रजी शब्द. लाल टोकाला हार्ड. निळ्या टोकाला सॉफ्ट.

"जुन्यात निळा कडक होता," ते म्हणाले. "कंपनी बदलली की रंग बदलतात. मला ठाऊक होतं हे. मला ठाऊक होतं." मग माझ्याकडे वळले. "ती मंगळवारची बाई. गादीवाली."

"बाहेर बसलीय."

"कधीपासून?"

"सात वाजल्यापासून."

हलीमाचाची आत आली. डब्यात पडलेलं बोटाचं भोक बघितलं आणि म्हणाली, "चाखून बघितलंत वाटतं."

डॉक्टरांनी त्या दिवशी पहिल्यांदा तिला हात लावून तपासलं. त्याच दिवशी सुई घातली. आठ दिवसांनी रिपोर्ट आला. कॅन्सर. पसरलेला नव्हता. डॉक्टरांनी तिला स्वतः समोर बसवून सांगितलं, 'कडक' हा शब्दही वापरला, आणि ती पळून गेली नाही. तिनं फक्त विचारलं, ऑपरेशननंतर डावा हात सुई ओढू शकेल का. आज ती ओढते. जरा हळू.

आता तुमची खोली, तुम्ही तिरुपतीहून परत आल्यावरची.

तुम्ही मधल्या खुर्चीत, दोन विश्वस्त दोन्ही बाजूंना, डॉक्टर भिंतीकडच्या खुर्चीत, ठोंबरे कागद घेऊन उभे. मला बसा म्हणालात. मी बसले नाही. ही चौकशी आहे असं तुम्ही म्हणालात, म्हणून मी वही छातीशी धरून आले होते.

"पुष्पलताबाई, किती रुग्णांचा प्रश्न आहे?"

"सव्वीस. लाल दिसल्या आणि मऊ म्हणून सहा महिन्यांच्या ट्रेमध्ये गेल्या. हलीमाबी धरून."

"आणि हे का झालं?"

"पट्टीमुळं."

"ती पट्टी कुठाय?"

"डॉक्टरांनी काढली. माझ्याकडे तुकडे आहेत."

"कोणी लावली होती?"

डॉक्टरांनी मान वर केली. त्यांना माहीत होतं. दवाखान्यात फक्त त्यांनाच माहीत होतं, आणि एवढ्या दिवसांत त्यांनी ते कोणाला सांगितलं नव्हतं.

"मी," मी म्हटलं. "अक्षर माझं. जुनं मशीन गेलं त्या दिवशी मी त्यावरची पट्टी जपून काढली आणि उद्घाटनाच्या सकाळी नव्यावर लावली. तुम्ही नारळ फोडायच्या आधी. मशीन बंद होतं, हार घातलेला होता, स्क्रीन काळा होता. खाली काय आहे ते मला दिसलं नाही. मला वाटलं, मशीन नवं असलं तरी माणसं तीच आहेत, काम तेच आहे."

सव्वीस बायकांच्या फॉर्मवर खूण माझ्या हातची होती. हे मी हलीमाचाचीला आदल्या दिवशीच सांगितलं होतं. ती म्हणाली, "उलटं टाचलं की उसवायचं. रडत बसून गादी सरळ होत नाही."

"मी चुकले," मी तुम्हाला म्हटलं. "लिहून देते. काढून टाका मला. पण आज या पंचवीस जणींना निरोप पाठवा. पत्ते वहीत आहेत."

तुम्ही डॉक्टरांकडे बघितलंत. डॉक्टर म्हणाले, "मीही बघायला हवं होतं. माझी जबाबदारी आहे." आवाज अगदी बारीक होता, पण म्हणाले.

आणि तेव्हा तुम्ही हसलात. मला ते हसणं आठवतं. मोठ्या माणसानं लहानांची भांडणं मिटवताना हसावं तसं. "अहो, कुणाची चूक नाही. तुम्ही दोघं उगाच अंगावर घेताय. मशीनमध्ये तांत्रिक बिघाड होता. ठोंबरे, तसं लिहा."

"बिघाड नव्हता," मी म्हटलं.

"पुष्पलताबाई, बिघाड म्हटलं की कंपनी बघते. चूक म्हटली की गाव बघतं. पंचवीस घरांत निरोप गेला तर पुढच्या शिबिराला एक बाई येईल का? या दवाखान्यावर किती लोकांचं भलं अवलंबून आहे?"

"त्या पंचवीसांचं?"

"त्यांना सहा महिन्यांनी बोलावलंय ना? येतील. तेव्हा नीट बघू. घाबरवायचं कशाला?"

"आणि पुस्तक कुलपात का होतं, ते लिहा त्यात."

ठोंबरेंनी पेन थांबवलं. तुम्ही म्हणालात, "ते लिहू नका."

कागद टाईप होऊन आला. तुम्ही सही केलीत. विश्वस्तांनी केली. डॉक्टरांनी बराच वेळ कागद हातात धरला आणि मग त्यांनीही केली, आणि त्यानंतर माझ्याकडे बघितलं नाही. पेन माझ्यापुढं आलं.

"मी नाही करत."

"विचार करा. पट्टी तुमच्या अक्षरात आहे. बिघाड नसेल तर दोष कोणाचा ठरेल?"

"माझा. म्हणून तर करत नाही."

तुम्हाला ते कळलं नाही. आजही कळलं नसेल. तुम्ही मला वाचवत होतात, आणि मला वाचवायची किंमत त्या पंचवीस जणी होत्या. मी पेन ठेवलं. तुम्ही ठोंबरेंना खूण केलीत आणि त्यांनी माझ्या हातातून वही ओढून घेतली. मी सोडली नाही, तेव्हा त्यांनी बोटं उलगडली, एकेक करून. पन्नाशीचा माणूस, माझ्या भावासारखा.

संध्याकाळी मला कामावर येऊ नका म्हणून निरोप आला.

पण चौकशीच्या आदल्या दिवशी मी वहीतून नावं उतरवायला घेतली होती. अकरा झाली आणि मला पेशंटला बोलवायला जावं लागलं. बाकीची उद्या, असं म्हटलं. ती उद्या आलीच नाही. माझी दुसरी चूक हीच, आणि पहिलीपेक्षा ती मला जास्त टोचते.

त्या अकरा जणींकडे मी गेले. हलीमाचाची ऑपरेशनच्या आधीचे दिवस माझ्याबरोबर फिरली. कोणाच्या घरी कधी गादी दिली त्यावरून तिला गावंच्या गावं पाठ होती. दार उघडलं की मी आधी माझं नाव सांगायची, मग म्हणायची, तुमच्या फॉर्मवर खूण मी केली, ती चुकीची होती, सुईची तपासणी करून घ्या. एकीच्या सासूनं मला शिव्या दिल्या. एकीच्या नवऱ्यानं अंगणातून हाकललं. तिला हलीमाचाचीनं दुसऱ्या दिवशी विहिरीवर गाठलं. वसुलीला आलेल्या तलाठ्याकडे बघावं तशी एक बाई माझ्याकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "बरं केलंस आलीस, मला झोप नव्हती." अकराही जणींची तपासणी झाली. नऊ निर्धास्त निघाल्या. दोघींना कॅन्सर होता. दोघींचं ऑपरेशन झालं. एक शाळेत खिचडी शिजवते, रोज सव्वाशे पोरांची. दुसरी परगावी मुलीकडे असते, दिवाळीला फोन करते.

सव्वीसमधून हलीमाचाची आणि या अकरा वजा केल्या की उरतात चौदा. त्यांची नावं मला माहीत नाहीत. चेहरे आठवतात थोडेसे. खोलीत अंधार असायचा आणि मी त्यांच्या तोंडाकडे कमी, स्क्रीनकडे जास्त बघायची. एकीच्या हातावर तुळशीचं गोंदण होतं. एक इतकी लाजत होती की तिनं सगळा वेळ डोळ्यांवर पदर धरला. सहा महिन्यांनी मी दवाखान्याच्या फाटकासमोर दर मंगळवारी आणि शुक्रवारी उभी राहिले, तुमच्या वॉचमननं हटकेपर्यंत. ओळखीच्या तिघी दिसल्या असं वाटलं. त्यांना नीट तपासलं का ते कळलं नाही, तुम्ही मला आत येऊ दिलं नाहीत. गोंदणवाली आली नाही.

मी तुम्हाला चार पत्रं पाठवली, रजिस्टर्ड. चारही पोचली. पोचपावत्यांवर सही आहे. उत्तर एकाचंही नाही.

तुमचा फोटो आता दवाखान्याच्या दारात लागलाय म्हणतात, शाल पांघरलेला. असू द्या. मला माझी नोकरी परत नको, माफीही नको. कागदावर बिघाड राहू द्या, हवं तर दोष माझ्या नावावर लिहा, मी येऊन सही करते. वही तुमच्याकडे आहे. नावं तुमच्याकडे आहेत, पत्ते तुमच्याकडे आहेत, सगळं माझ्याच अक्षरात.

माझ्या अकरांत दोघी निघाल्या. तुमच्या चौदांत किती होत्या? त्यांच्या दारात कोण गेलं, आणि कधी गेलं? एकेकीचं नाव घेऊन सांगा. मी वाट बघते आहे.